कार्डावरचे साठ किलो

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, चहाचा दुसरा कप हातात असताना, माझ्या लक्षात आलं की मी एका म्हाताऱ्या माणसाचा मणका मोडायची लेखी व्यवस्था करून ठेवली आहे.

सोमवारी आमची जिम बंद असते. त्या दिवशी मी घरी बसून पुढच्या आठवड्याची कार्डं लिहिते. कोणी काय उचलायचं, किती वेळा, मध्ये किती थांबायचं, सगळं त्या एका कार्डावर असतं. वीस वर्षं हेच करतेय. लोकांना वाटतं प्रोग्रॅम बनवणं म्हणजे गणित. पहिले तीन आठवडे वजन चढवा, चौथ्या आठवड्यात उतरवा, शरीराला दम खाऊ द्या, पुन्हा चढवा. तेवढं कोणीही पुस्तकात वाचून करेल. खरी मेख माणसात असते. कार्ड हातात पडल्यावर हा माणूस त्याचं काय करणार, हे ज्याला कळत नाही त्याने हा धंदा करू नये, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले.

आमच्याकडे एक टॅक्सीवाला येतो. त्याला आम्ही ‘अजून एक’ म्हणतो. आठ वेळा लिहिलं की तो दहा वेळा करणार आणि वर पाच किलो चढवणार. म्हणून त्याच्या कार्डावर मी मुळातच कमी लिहिते. बँकेतल्या बाई अर्धं करून पूर्ण केलं म्हणून टिक मारतात. त्यांना जास्त लिहिते. एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी आहे, ती लिहिलंय तेवढंच करते, म्हणून तिला खरं लिहिते. माझ्या वहीत प्रत्येकाच्या पानावर दोन रकाने आहेत. निळ्या शाईत कार्डावरचा आकडा आणि लाल शाईत खरा, म्हणजे त्याने प्रत्यक्षात जेवढं उचलावं असं मला वाटतं तो. ही वही मी कोणाला दाखवत नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि आता त्या वहीत घड्याळकाकांच्या पानावर माझं बोट थांबलं होतं. सोमवार, डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. निळ्या शाईत साठ किलो. लाल शाईत अठ्ठेचाळीस. आणि त्याखाली मीच दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: ‘डॉक्टर म्हणतात, पन्नासच्या वर अजिबात नाही.’

घड्याळकाका म्हणजे सहासष्ट वर्षांचे घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ. बायको जाऊन चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी भिंतीवरचं मोठं घड्याळ उतरवताना त्यांच्या कमरेच्या वरच्या मणक्याला चीर गेली. हाडं ठिसूळ झालीत, हे तेव्हा कळलं. चीर भरली, मग हाडांच्या डॉक्टरीणबाईंनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं. वजनाने हाडं घट्ट होतात, पण जपून, असं म्हणाल्या. पुन्हा चीर गेली तर मणका दबेल आणि मग हे उठतील की नाही मी सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. हे दुसरं वाक्य काकांसमोरच म्हणाल्या.

त्यामुळे काका भित्रे झाले, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांची बायको शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं त्यांनी एकट्याने केलं. त्यांना मरणाचं काही वाटत नाही, पलंगाचं वाटतं. कार्डावर चाळीस लिहिलं की ते बत्तीस उचलत, पन्नास लिहिलं की चाळीस. नेमका पाचवा हिस्सा कमी, घड्याळजीच तो. मग मी हिशेबाने तेवढं आधीच वाढवून लिहू लागले. आठ महिने उत्तम चाललं होतं.

शनिवारी माझ्या जिभेने घात केला. सकाळपासून डोकं फिरलेलं होतं. ‘अजून एक’ने खांदा दुखावून घेतला होता, बँकवाल्या बाई खोट्या टिका मारताना सापडल्या होत्या. तेवढ्यात काका त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, आज थोडं कमी करू का?”

माझा तोल गेला. सगळ्यांदेखत मी त्यांना फाडफाड बोलले. “काका, कार्ड मी शोभेला देते का? रात्र रात्र विचार करून लिहिते मी! लिहिलंय तेवढं उचलायचं. एक किलो कमी नाही. पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका!”

काकांनी कार्डाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, “बरं. लिहिलंय तेवढंच करीन.” त्या दिवशी हाता-खांद्याचे हलके व्यायाम होते, म्हणून काही बिघडलं नाही. मला वाटलं, छान झालं, एकदा सुनवायलाच हवं होतं. लाल शाई आठवलीसुद्धा नाही.

आता आठवली. सोमवारी काका घरीच व्यायाम करतात, एकटे, दुकानामागच्या खोलीत, बरोबर दहा वाजता. दहा म्हणजे दहा. त्या माणसाच्या आयुष्यात दहा वाजून एक मिनिटाला काही सुरू झालेलं नाही.

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्या वेळी आठवलं की तो बंदच असणार, कारण व्यायामाच्या दिवशी सकाळपासून फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकायचा, हाही माझाच नियम. किती शिस्तीची बाई मी!

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं. माझा चेहरा बघून तो उठूनच उभा राहिला होता.

“घड्याळकाकांकडे जाते.”

“अगं, चप्पल तरी नीट घाल. दोन वेगळ्या घातल्यास.”

मी तशीच निघाले. स्कूटरवर त्यांचं दुकान वीस मिनिटांवर. साडेनऊला निघाले, म्हणजे दहाच्या आत पोचायला हवं होतं. पण पुलाच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवला होता आणि एकाच बाजूने गाड्या सोडत होते. मी मधोमध अडकले. पुढे सिमेंटचा ट्रक, मागे शाळेची बस. हॉर्न वाजवून काही होत नव्हतं, तरी मी वाजवत होते. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. काका बारवर वाकले आहेत, पाठ थोडी गोल झाली आहे, आणि शेजारी ‘कंबर सरळ’ म्हणणारं कोणी नाही. साठ किलो हलतील की नाही हे त्यांना माहीत नाही. पण मॅडम म्हणाल्या आहेत.

दहाला पाच कमी असताना मी स्कूटर फुटपाथवर चढवून तिथेच टाकली आणि धावत सुटले. लोकांना धावायला लावणं वेगळं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन वेगळ्या चपला घालून स्वतः धावणं वेगळं. छाती फुटायची वेळ आली. मी नवस बोलणारी बाई नाही, पण त्या धावण्यात मी कोणाला काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. आज वाचू दे, पुन्हा कोणावर आवाज चढवणार नाही, असंही कबूल केलं. ते काही मी पाळणार नव्हते, आणि ज्याला कबूल करत होते त्यालाही ते कळलं असावं.

गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत खाली होतं. मी पाचसहा पावलांवर असताना आतून आवाज आला, जड लोखंड रबरावर टेकल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मग काहीच नाही.

“काका!”

मी शटर वर ढकललं. दुकानात भिंतीभर घड्याळं टिकटिकत होती, सगळी एका लयीत, आणि त्या आवाजाखाली दुसरा कुठलाच आवाज नव्हता. मधल्या दाराशी पारदर्शक प्लास्टिकचा चुरगळलेला कागद पडला होता. तो मी लगेच ओळखला. काकांकडे मीच सांगून घ्यायला लावलेल्या वीस-वीस किलोच्या दोन प्लेटा होत्या. आठ महिने त्यांच्यावरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. “तिकडे बघितलं तरी पाठ दुखते,” असं ते म्हणायचे. आता ते प्लास्टिक माझ्या पायाशी होतं.

आतल्या खोलीत, जिथे पूर्वी बायकोचा पलंग होता त्याच जागी, बार पडला होता. दोन्ही बाजूंना एकेक मोठी प्लेट, चाळीस, आणि बारचे वीस. साठ किलो. बारच्या पलीकडे काका जमिनीवर उताणे पडले होते. डोळे मिटलेले, हात अंगाशी.

मी गुडघ्यांवर बसले, त्यांच्या चेहऱ्यावर वाकले. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

“एक मिनिट पाठ टेकून विश्रांती,” ते म्हणाले. “कार्डावर आहे. अजून चाळीस सेकंद.”

मी मटकन खाली बसले. रडू आलं आणि रागही आला. माझ्या कार्डाचा एवढा शब्दशः मान आजवर कोणी ठेवला नव्हता. चाळीस सेकंद आम्ही दोघं तसेच राहिलो. मग ते कुशीवर वळले, हाताने रेटा देऊन उठले, अगदी मी शिकवलं होतं तसं, आणि माझ्याकडे बघून हसले. हा माणूस असा हसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

“जमलं!” ते म्हणाले. “चारही वेळा! साठ! मॅडम, मी सकाळी सहापासून घाबरत होतो. मग म्हटलं, त्यांना माझ्याबद्दल भीती वाटत नाही तर मला का वाटावी? त्या रात्र रात्र विचार करून लिहितात. आणि उचललं. काही झालं नाही बघा. आता दोन सेट राहिलेत.”

ते पुन्हा बारकडे वळले. मी बारवर पाय ठेवला.

“नाही करायचे,” मी म्हणाले.

“का?”

सांगायचं नाही, असं क्षणभर मनात आलं होतं, खोटं का बोलू. आज इतकंच पुरे, म्हणायचं, पुढचं कार्ड खरं लिहायचं आणि विषय मिटवायचा. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू तसंच राहिलं असतं. पण पहिल्या वेळीही चीर गेली तेव्हा त्यांना काही कळलं नव्हतं. दोन दिवस नुसती कणकण, आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता आलं नव्हतं. आताही आत काय झालंय ते ना त्यांना ठाऊक होतं, ना मला. गप्प बसले असते तर उद्या ते दुकानात एखादं घड्याळ उचलायला वाकले असते.

मग मी सांगितलं. लाल शाई, निळी शाई, पाचवा हिस्सा, पन्नासची मर्यादा, सगळं. बोलताना मी बारकडे बघत होते.

मी मान वर केली तेव्हा त्यांचा हात कमरेच्या मागे गेला होता, त्या जुन्या जागेवर. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. दोन मिनिटांपूर्वी ज्याला कशाचीही भीती नव्हती, तो माणूस आता श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

“मी बसू की उभा राहू?” त्यांनी विचारलं.

रिक्षाने आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटत आणि मी रिक्षावाल्याला “हळू हो दादा” म्हणत राहिले. एक्स-रे काढला. बाईंनी तो उजेडापुढे धरला, बराच वेळ बघितला. “नवं काही दिसत नाही,” त्या म्हणाल्या, “पण ताजी चीर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. गुरुवारी पुन्हा बघू, तेव्हा स्कॅनच करू. तोवर वाकायचं नाही, उचलायचं नाही. पायात मुंग्या आल्या तर लगेच या.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “साठ कोणी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर काका सरळ बसून होते, बरणीत ठेवल्यासारखे. समोर बघतच बोलले.

“लोक घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून मागतात. घरातलं कोणी उशिरा उठतं म्हणून. मी कधी लावून दिलं नाही.”

“चुकलं माझं, काका.”

“आठ महिने मी रोज झोपताना स्वतःला भित्रा म्हणत होतो. कार्डावर एवढं लिहिलंय आणि आपल्याच्याने होत नाही. तिचं तीन वर्षं सगळं केलं, आणि आता एक लोखंडी दांडा उचलवत नाही.” ते थांबले. “म्हणजे मी रोज बरोबरच उचलत होतो.”

“बरोबर. एक-दोन किलोचाही फरक नव्हता.”

“मग सांगायचं होतं ना, मॅडम.”

वीस वर्षं लोकांना ओळखल्याचा तोरा मिरवला, आणि या माणसाला आठ महिने काय खात होतं ते मला दिसलं नव्हतं.

ते तीन दिवस मी कसे काढले ते सांगून खरं वाटणार नाही. जिममध्ये कोणी बार आपटला की मी दचकून वळायचे. सकाळ-संध्याकाळ काकांकडे जात होते. ते खुर्चीत बसलेले असायचे. पलंगावर आडवं व्हायला तयार नव्हते. “एकदा पडलो की उठायचो नाही,” म्हणायचे. बसूनच झोपत होते. मंगळवारी काही नव्हतं. बुधवारी दार उघडल्या उघडल्या म्हणाले, “कणकणतंय.”

मी हसून म्हणाले, स्नायू आंबले असतील, साठ किलो उचलल्यावर कोणाचेही आंबतात. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतेय की खरं बोलतेय, हे ते ताडत होते. आणि मला खरंच माहीत नव्हतं. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, उद्या काही निघालं तर मी जिमचं दार पुन्हा उघडणार नाही. तो म्हणाला, आधी झोप. कोणालाच झोप लागली नाही.

गुरुवारी स्कॅन झालं. बाईंनी ते दोनदा पाहिलं. चीर नव्हती. कणकण स्नायूंचीच होती. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. काकांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि स्वतः पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवली.

पुढल्या शनिवारी सगळ्यांना नवी कार्डं दिली, एकाच शाईतली. ‘अजून एक’ माझ्यावर उखडला, बँकवाल्या बाईंनी अबोला धरला. म्हटलं, धरा. काका येतील असं वाटलं नव्हतं. पण ठीक नऊला ते दारात उभे होते.

त्यांच्या कार्डावर मी अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. बारला प्लेटा लावल्या. अठ्ठेचाळीस, मोजून. वाकले, बार धरला. पाठ सरळ होती, पाय बरोबर होते, सगळं बरोबर होतं, फक्त बार हलत नव्हता.

“आकडा खरा आहे ना?” त्यांनी वाकूनच विचारलं.

“खरा आहे.”

“नक्की?”

“नक्की, काका.”

“गेल्या शनिवारीही तुम्ही असंच ठामपणे म्हणाला होतात.”

यात टोमणा नव्हता. ते नुसतं विचारत होते. त्यांनी बार सोडला, उभे राहिले आणि एकेक प्लेट काढून जागेवर ठेवली. शेवटी नुसता बार उरला, वीस किलो. पहिल्या दिवशी ते आले होते तेव्हाचा.

“इथून करू,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी किती, ते मी सांगेन. तुम्ही फक्त पाठ बघा.”

त्यांनी तो चार वेळा उचलला. मी पाठ बघत उभी राहिले. मग त्यांच्या कार्डावरचा अठ्ठेचाळीस खोडून वीस लिहिलं, आणि वहीतही वीस लिहिलं.